दोन हिसके

"नाय साहेब, हवालदारसाहेब नको. माझा दोर भाचा धरंल," ढवळूमामा म्हणाला आणि रबरी होडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी होडीच्या टोकाला मांडीवर नोंदवही घेऊन बसलो होतो. माझं काम लिहिण्याचं. कोण किती वाजता पाण्यात गेला, किती खोल गेला, किती वाजता वर आला. लष्कराच्या हौशी पाणबुड्यांच्या क्लबात मी मुलकी कारकून होतो आणि पोहण्याशी माझा संबंध म्हणाल तर जव्हारला लहानपणी एकदा तळ्यात पडलो होतो, तेवढाच.

"मामा, मला नाही जमायचं हे," मी म्हटलं.

"न जमायला काय झालं? तुझी आय सूर्यमाळची ना? मंग झालं तं."

ढवळू माझा सख्खा मामा नव्हे. पण आईच्या पाड्यावरचा माणूस, म्हणून मामा. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमचा क्लब खोडाळ्याच्या पुढच्या धरणावर सरावाला तंबू ठोकायचा. तिथे अकरा वर्षं हा माणूस पाणबुड्यांचे दोर धरत आला होता. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक ढवळूमामाच्या हातात. गढूळ पाण्यात खालचं काही दिसत नाही. जे काय बोलायचं ते दोरातून, हिसके देऊन. अकरा वर्षांत मामाने एकही हिसका चुकीचा वाचला नव्हता. मोठमोठे अधिकारी खाली जाताना विचारून घ्यायचे, "दोर पे कौन है? ढवळू? फिर ठीक है."

आता हाच माणूस स्वतः पाण्यात का उतरत होता, ते सांगायला हवं. आमच्यासारख्या क्लबांना आणि त्यांच्या सभासदांना दरवर्षी बक्षिसं देतात. एक ढाल क्लबाला, एक चषक वर्षातल्या उत्कृष्ट सभासदाला. त्या समारंभात मामा गेली अकरा वर्षं ढालींचं तबक धरून उभा राहायचा. २००२ साली आमच्या कर्नलसाहेबांच्या मनात आलं, या वेळी नाव याचंच पाठवायचं. साहेब मनाने मोठा माणूस. पण नियम असा की वर्षातून निदान एकदा तरी पाण्याखाली गेल्याची नोंद हवी. मामाने दीड हजार माणसं खाली सोडली नि वर घेतली, पण त्याच्या स्वतःच्या नावावर शून्य.

"एकदा जाऊन या, ढवळू. पाच मीटर, दहा मिनिटं. बस," कर्नलसाहेब म्हणाले होते.

मामाला ते हवं होतं. मला आदल्या दिवशी चहा पिताना तोंडावर म्हणाला, "उमेश, एकदा माझं नाव माईकवर यावं रं. ढवळू म्हणून. सगळ्यांनी माना वळवून बघावं. मंग मेलो तरी चालंल."

"मरायच्या गोष्टी कशाला?" मी म्हटलं होतं.

आणि आता होडीत बक्षिसांसाठी गुण देणारे मेजरसाहेब बसले होते. हातात घड्याळ, मांडीवर कागद. आमचा क्लब कसा काम करतो ते बघायला खास आले होते. हवालदार म्हणजे आमचा सगळ्यात तरबेज पाणबुडा. तो साज चढवून राखीव म्हणून होडीच्या काठावर बसलेला. दोरही खरं तर त्यानेच धरायचा. पण होडीत मागे बसलेले कर्नलसाहेब हसले. "पकड़ने दो. उसका भांजा है. और कार्ड तो इसी ने टाइप किया है."

तेही खरं. दोराच्या खुणांचं कार्ड मीच टाइप केलेलं. एक हिसका: ठीक आहे. दोन: ढील दे. तीन: मी वर येतो आहे. चार: मला वर ओढा. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मामाने काळा रबरी पोशाख घातला होता. पाठीवर नळकांडं, गळ्यात नळी. एरवी नेसूच्या धोतरात फिरणारा माणूस, त्याला बघून मला हसू आलं. त्याने बोटाने माझ्या तळहातावर टिचकी मारली, नळी दाताखाली धरली आणि पाठमोरा पाण्यात गेला.

दोर माझ्या हातातून सरसर गेला. पाच मीटरवर बांधलेली तांबडी चिंधी आली, तिथे थांबला. मग एक हिसका. ठीक आहे. मी एक हिसका परत दिला. पाण्यावर बुडबुडे येत होते. मेजरसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तीन मिनिटं गेली, चार गेली. मी म्हटलं, अरे, हे तर सोपं आहे, उगाच घाबरत होतो.

मग दोन हिसके आले.

छोटे, लागोपाठ. दोन. ढील दे. मी चार हात दोर सोडला.

खोटं कशाला बोलू? त्याच क्षणी माझ्या तळहाताला कळलं होतं.

सूर्यमाळच्या बाजूला एप्रिल उजाडला की विहिरीच्या तळाशी डबकं उरतं. वरून बादली सोडली तरी भरत नाही. मग कमरेला दोर बांधून एकाने खाली उतरायचं, वाटीने पाणी खरवडून हंडे भरायचे. वर दोर धरणारा असतो. खाली हवा कोंदट, कधी चक्कर येते, कधी पायाखालची दरड सुटते. खालच्याने दोन हिसके दिले की हातातलं सगळं टाकून ओढायचं. लहानपणी सुट्टीत गेलो की आई उतरायची आणि मी बायकांच्या मध्ये दोराला हात लावून उभा राहायचो. मी विचारलं होतं, दोनच का? आई म्हणाली होती, "एक तर हंडा आपटला तरी बसतो. आणि तिसरा द्यायला माणसात जीव राहत नाही." आमच्याकडे हे शाळेत शिकवत नाहीत, कार्डावर लिहीत नाहीत. पण दोर धरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मला माहीत होतं. आणि मी ढील दिली. का? तर समोर मेजरसाहेब घड्याळ घेऊन बसले होते. मी कार्ड सोडून ओढलं असतं आणि खाली काही झालंच नसतं, तर ते म्हणाले असते, या क्लबात खुणासुद्धा कळत नाहीत. मला अडाणी दिसायचं नव्हतं. पदवीधर आहे ना मी! शाळामास्तराचा मुलगा! पाड्यावरचं काही अंगाला चिकटलेलं दिसू नये म्हणून जन्मभर जपत आलेला.

परत दोन हिसके. या वेळी हळू.

मी आणखी ढील दिली.

"सब ठीक?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"ढील मांगता है, सर."

मग बुडबुडे थांबले.

आधी वाटलं, होडी हलल्यामुळे दिसत नाहीत. मी मान पुढे काढली. पाणी सपाट होतं.  मी दोर ओढला, दोन्ही हातांनी, पाय होडीत रोवून ओढला. दोर जागचा हलेना. खाली कुठेतरी पक्का अडकला होता.

"मामा!" मी ओरडलो. पाण्याखालच्या माणसाला हाक मारत होतो, इतकी अक्कल गेली होती.

"क्या कर रहे हो, बाबू!" हवालदार एवढंच बोलला आणि त्याने उडी घेतली.

किती वेळ गेला ते नोंदवहीत आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. मी नंतर मेजरसाहेबांच्या घड्याळावरून लिहिलं. तेवढ्या वेळात मी काय काय नवस बोललो ते इथे लिहीत नाही. मग हवालदार वर आला, त्याच्या काखेत मामाचं डोकं. नळी तोंडातून सुटलेली, ओठ जांभळे. होडीत घेतलं, पालथं केलं. पाणी आलं, उलटी आली आणि मग खरवडल्यासारखा एक श्वास आला. डाव्या कानातून रक्त वाहत होतं. हवालदाराच्या सुरीला जाळ्याचे हिरवे धागे लागले होते. बुडालेल्या झाडाच्या खोडावर कोणाचं तरी जुनं मासेमारीचं जाळं होतं. त्यात मामाचा पाय गुंतला होता. मी सोडलेला ढिला दोर त्याच्या पायांभोवतीच पडत गेला होता आणि तोही त्या जाळ्यात गुरफटला.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली, दवाखान्यात, मामाच्या खाटेजवळ. जयवंती नावाची परिचारिका होती, तिने साहेबांना स्टुलं आणून दिली आणि बजावलं, "पेशंटला जास्त बोलायला लावू नका. डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना, उजवीकडून बोला." मेजरसाहेब उजवीकडे बसले. कर्नलसाहेब मागे उभे. मी नोंदवही घेऊन पायथ्याशी.

"ढवळू, तुमने कितने सिग्नल दिए?"

"दोन दिले, साहेब. चार द्यायचे व्हते. पाय अडकला, घाबरलो, नि हातातून विहिरीचा हिसका गेला. चूक माझी हाय."

"विहिरीचा? वो क्या होता है?"

मामाने सांगितलं. मोडक्या हिंदीत, थांबत थांबत. मेजरसाहेब ऐकत होते. मग त्यांनी मान वळवून मला विचारलं, "तुम भी तो इसी इलाके के हो. तुम्हें पता था?"

 हो म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "नहीं सर. मैं जव्हार का हूँ. कार्ड के हिसाब से ढील दी."

मामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्याने नाही. नुसतं पाहिलं. मग त्याने पांघरूण छातीवर ओढून घेतलं आणि डोळे मिटले. मी ते सगळं लिहून काढलं. माझं अक्षर चांगलं आहे.

ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याचं नाव बक्षिसासाठी पाठवत नाहीत. कर्नलसाहेबांनी जड मनाने नाव खोडलं, आणि नवी यादी मीच टाइप केली. गंमत बघा, अपघात न लपवता लिहिला आणि माणूस दोन मिनिटांच्या आत वाचवला, म्हणून आमच्या क्लबाला ढाल मिळाली. उत्कृष्ट सभासदाचा चषक हवालदाराला. तो रास्तच होता. समारंभात तबक धरायला मामा नव्हता, तर ते माझ्याच हातात दिलं. हवालदाराचं नाव माईकवर पुकारलं, सगळ्यांनी माना वळवल्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मला स्वतःची किळस येत होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकली आणि सूर्यमाळला गेलो. मोखाड्याहून पुढे मिळेल त्या जीपने, मग पायी. मामा विहिरीवर आहे, असं पाड्यात कळलं. काठावर आठ-दहा बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. मामा दोर धरून उभा होता. खाली त्याची बायको लाडकीमामी उतरली होती. डॉक्टरने त्याला होडीवर जायला बंदी केली होती, विहिरीबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

मी डाव्या बाजूने गेलो. "मामा," म्हटलं. त्याने वळून पाहिलं नाही. मग लक्षात आलं, फिरून उजवीकडे गेलो.

"आलास?" तो म्हणाला. "बस. पाणी नाय द्यायला, भरतेय अजून."

"मामा, मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "दोन हिसके आले तेव्हाच."

"काय?"

वारा होता. मी हळू बोलत होतो.

"मला ठाऊक होतं!"

"मोठ्यानं बोल रं. ऐकू येत नाय मला."

"मला ठाऊक होतं तुम्ही ओढ म्हणत होता ते!" मी ओरडलो. "ठाऊक असून मी ढील दिली! आणि मेजरापुढे खोटं बोललो!"

हंड्यांजवळच्या बायकांनी माना वळवल्या. बुधी म्हणून एक म्हातारी होती, तिने पदर तोंडाला लावला. माझे डोळे वाहायला लागले होते, ते मी पुसलेही नाहीत.

मामाने दोराची ढील आवरून घेतली.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "म्हून तं तुझ्या हाती दिलेला. हवालदार चांगला माणूस, पण त्याला कार्ड ठाऊक. मी म्हटलं, जीवावर आलं नि हात चुकला, तं भाचा हाय वर."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला. लय आला. अजून हाय." त्याने नाक शिंकरलं. "मेजरानं इचारलं तवा वाटलं, हा आता बोलंल. नाय बोललास. तुझ्या आयला सांगू नको हे. ती मान वर करायची नाय."

मी मान खाली घातली. 

तेवढ्यात त्याला ढास लागली. धरणाच्या पाण्यापासून ती त्याच्या छातीत बसली होती. तो वाकला, एका हाताने छाती धरली आणि दुसरा हात माझ्यासमोर केला. त्या हातात दोर होता.

"धर."

"मामा, मी नको. बुधीआजीला द्या, कोणालाही द्या…"

"धर म्हणतो ना!"

मी दोर घेतला. कमरेला एक फेरा मारला, काठाच्या दगडाला दोन्ही पाय रोवले. मामा बाजूला जाऊन खोकत बसला. बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. खाली अंधारात वाटी दगडावर घासल्याचा आवाज येत होता. माझ्या तळहातांना घाम सुटला, मी एकेक हात शर्टाला पुसला, दोर न सोडता. दोघींनी दुसऱ्या दोराने पाण्याचे दोन हंडे वर घेतले. तिसरा घेतला. मग वाटीचा आवाज थांबला.

दोन हिसके.

मी ओढलं. भान हरपल्यासारखं ओढलं. हातांची सालटी निघाली, ती मागाहून कळली. मामी खोबणीत पाय टाकत, अर्धी चढत, अर्धी ओढली जात वर आली. ती नुसती थकली होती, एवढंच. काठावर हात टेकून ती दम खात राहिली. लुगडं चिखलाने भरलं होतं. मग तिने वर पाहिलं, दोर कोणाच्या हातात आहे ते.

तिचा चेहरा फिरला. 

"याच्या हाती माझा दोर दिलास?" ती मामाला म्हणाली. "याच्या?"

मामाने उजवा कान तिच्याकडे केला होता, त्यामुळे त्याला नीट ऐकू आलं.

"वर आलीस ना?" तो म्हणाला.

मामीने हंड्यांकडे पाहिलं. अजून सहा हंडे रिकामे होते. मग तिने कमरेची गाठ ओढून बघितली, तोंडावरचा चिखल पुसला आणि पुन्हा विहिरीत पाय सोडले. दोर माझ्याच हातात होता.