एकशे चार नंबरचे पाहुणे

सप्टेंबरात आमच्याकडे चिटपाखरू नसतं. शाळा सुरू झालेल्या असतात, कॅनडावाल्यांची थंडी अजून लांब असते, आणि आमच्या बेटावर, कीहेई गावच्या किनाऱ्यावर, सुट्टीला भाड्याने दिल्या जाणाऱ्या आमच्या कॉन्डोतल्या सोळा सदनिकांपैकी दहा-बारा तरी रिकाम्या पडतात. एकोणीस वर्षं मी इथे ऑफिसच्या खिडकीत बसून बुकिंग घेतेय. पाहुणे मला विचारतात, समुद्र किती वाजता बंद होतो. मी सांगते, सहाला. खरं मानून साडेपाचला घाईघाईने पोहून येणारेही भेटलेत.

अशी मी खवट बाई. पण पुरिंग आंटींचं नाव निघालं की माझा खवटपणा संपतो, हे आधीच सांगून टाकते.

आंटींनी सव्वीस वर्षं या सोळा सदनिका साफ केल्या. जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा एकशे चारच्या मालकिणीने, कॅलगरीच्या एका म्हातारीने, स्वतःची सदनिका सप्टेंबरात आठवडाभर त्यांना भेट म्हणून दिली. दुसऱ्याच दिवशी आंटी डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"शार्लीन, मला सुट्टीचा बेत करायचाय."

"कुठे निघालात?"

"इथेच. एकशे चारमध्ये."

"आंटी, तुमचं घर काहुलुईत. गाडीने वीस मिनिटं. सुट्टी म्हणून इथे येणार? मग उशा पण तुम्हीच बदलणार का?"

"तू जास्त बोलू नकोस. वही काढ."

मी वही काढली. मला वाटलं, आता त्या सगळे लिहितात तेच लिहायला सांगतील. पहाटे डोंगरावरून सूर्योदय, मग बोट, मग कासवं, मग धबधबे. लोक आराम करायला येतात आणि परत जाताना आठ दिवस नांगर ओढल्यासारखे दिसतात.

"पहिला दिवस," मी म्हटलं.

"काही नाही."

"दुसरा?"

"काही नाही. तिसऱ्या दिवशी मासे भाजू. चौथ्या दिवशी उरलेले मासे."

"मग वही कशाला काढायला लावलीत?"

"माणसं लिहायला," आंटी म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला सगळं सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी रोवेना सात वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आणि दोन वर्षांच्या पोरीबरोबर लास वेगासला निघून गेली. त्यात नवल काही नाही. इथली भाडी बघता आमची निम्मी बेटं तिकडेच जाऊन राहिलीत. पण आंटींचे यजमान सातुर अंकल साखर कारखान्यातून सुटल्यावर दर शनिवारी-रविवारी रोवेनासाठी घरामागे खोली बांधत होते. दोन वर्षं एकट्याने. छप्पर घालायचं तेवढं राहिलं होतं, आणि रोवेनाने तिकिटं काढल्याचं सांगितलं. अंकल म्हणाले, "जा. पण पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." तीही त्यांचीच मुलगी. तिने सात वर्षं टाकलं नाही.

"म्हाताऱ्याला त्या शब्दाचा पश्चात्ताप झालाय," आंटी म्हणाल्या. "पण तोंडातून काढेल तर शपथ. आणि पोरगी म्हणते, आधी त्यांनी बोलवावं. मी दोघांच्या मधे सात वर्षं टेलिफोनची तार होऊन लटकतेय. मी सत्तर वर्षांची झाले, शार्लीन. आता ही भेट झाली नाही, तर एक तर माझ्या मयताला होईल नाहीतर त्याच्या."

हे त्यांनी रडून नाही सांगितलं. चादरी किती मागवायच्या हे सांगावं, तसं सांगितलं.

मग पुढचे तीन महिने मी तो बेत बघितला. हजारो लोकांच्या सुट्ट्या मी आखून दिल्यात, पण इतका विचार कुणाचा पाहिला नाही. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरची रिकामी सदनिका मालकाला विचारून बदलून देते, वरून समुद्र जास्त दिसतो. आंटी म्हणाल्या, "समुद्र कुणाला बघायचाय? खालचं दार थेट गवतावर उघडतं. चिडलेल्या माणसाला पटकन उठून बाहेर जाता आलं पाहिजे. आणि पाच मिनिटांनी परत यावंसं वाटलं, तर मधे जिना नको." त्यांनी मला टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून ठेवायला लावले. बाहेर सहा खुर्च्या होत्या, त्यातली एक उचलायला सांगितली. माणसं पाच, रिकामी खुर्ची दिसली की कुणीतरी तिथे पिशवी ठेवून तोंड फिरवून बसतं, म्हणे. दुपारी वारा सुटला की कुठल्या कोपऱ्यात वाळू येत नाही, हेही त्यांना पाठ होतं.

खरी करामत वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला अगदी शेवटी, दोन दिवस आधी सांगितली.

"रोवेनाला मी सांगितलंय, तातांगनी ही जागा घेतलीय आणि तुम्हाला बोलावलंय."

तातांग म्हणजे त्यांच्या इलोकानो भाषेत वडील. नानांग म्हणजे आई, आणि अपो म्हणजे आजोबा.

"आणि अंकलना?"

"त्याला सांगितलंय, रोवेनाने घेतलीय आणि आपल्याला बोलावलंय."

मी कपाळाला हात लावला. "आंटी! दोघांशी खोटं?"

"ऐक तर. स्वतःच्या घरात तो राजा असतो. पण दुसऱ्याच्या घरी गेला, की अख्ख्या काहुलुईत त्याच्याइतका गरीब माणूस नाही. हातात काहीतरी घेऊन जाईल, समोर येईल ते खाईल, आवाज चढवणार नाही. पोरगीही तशीच, मीच शिकवलंय. म्हणून दोघांना पाहुणे केलं."

"ते काही बोलले नाहीत? घर सोडून पोरगी कॉन्डोत राहणार म्हणून?"

"बोलला ना. घर असताना पैसे देऊन राहायची थेरं, म्हणाला. मी म्हटलं, तूच पाऊल टाकू नको म्हणालास, मग ती काय समुद्रात राहणार? आज सकाळी बघते तर शेवग्याच्या झाडाखाली उभा. कुठल्या फांदीचा पाला कोवळा आहे ते बघत होता."

बेत असा होता. रोवेना तीनला येणार, माझ्याकडून किल्ली घेणार, सामान लावणार. पाचला आंटी अंकलना घेऊन येणार. आंटी पुढे होऊन दोघांना एकदम टेबलाशी बसवणार, आणि कुणाचं घर हा विषय निघायच्या आत ताटं वाढणार.

पण विमान दोन तास उशिरा आलं.

पाच वाजता भाड्याची गाडी आवारात शिरली. रोवेनाला मी लगेच ओळखलं, चाल हुबेहूब सातुर अंकलची. मी किल्ली हातात घेऊन खिडकीत तयार. पण ती माझ्याकडे आलीच नाही. आणि येईल कशी? वडिलांच्या घरी जाताना कुणी किल्ली मागतं का? हे आम्हा दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरा डेरिक, पोरगी टिआना आणि ती, तिघं थेट एकशे चारच्या दाराशी गेले. घंटा वाजवली. दाराबाहेर चपला काढून ओळीने ठेवल्या. रोवेनाच्या हातात नूडल्सचा मोठा ट्रे, डेरिकच्या हातात वेगासहून आणलेल्या सुकवलेल्या मांसाच्या पुड्यांचं खोकं. सगळे बंद दाराकडे बघत उभे.

मी उठणार, तेवढ्यात पलीकडून सातुर अंकल आले. आंटी ट्रक लावत होत्या, त्यांनी यांना आधी उतरवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, एका हातात शेवग्याच्या पाल्याची जुडी, दुसऱ्या हातात कारल्यांची पिशवी. लेकीला पाहून ते थबकले. मग त्यांनीही चपला काढल्या आणि तिच्या शेजारी, दाराकडे तोंड करून उभे राहिले.

दोघंही पाहुणे. दोघंही अनवाणी, हात भरलेले, घरमालक कधी 'या' म्हणतोय याची वाट बघत. माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर.

"विमान उशिरा आलं?" अंकलनी दाराला विचारलं.

"दोन तास," रोवेनाने दाराला सांगितलं.

मी किल्ली घेऊन निघाले, तर खिडकीपाशीच मागून आंटींनी माझा दंड धरला. "थांब," त्या म्हणाल्या. "आता मधे गेलीस तर मारीन."

एवढ्यात टिआना म्हणाली, "आई, मला शू लागलीय."

मग ती आजोबांकडे वळली.

"अपो, दार उघडा ना!"

नऊ वर्षांच्या त्या पोरीने आजोबांना फोनच्या पडद्याबाहेर पहिल्यांदाच बघितलं होतं, नाहीतरी दोन वर्षांची असतानाचं काय आठवणार. पण हाक अशी मारली, की रोजच भेटतात.

"मी कसं उघडू, बाळा?" अंकल म्हणाले. "तुझ्या आईचं घर आहे."

"माझं?" रोवेना वळली. "तुमचं ना! तुम्ही घेतलंत. नानांग म्हणाली, तातांगनी बोलावलंय."

"मी? मी नाही. तू बोलावलंस."

मग दोघांनी एकदम माझ्या खिडकीकडे बघितलं. आंटी माझ्या मागे लपायचा प्रयत्न करत होत्या. मी लहानखुरी बाई, माझ्यामागे त्या कुठल्या मावतायत.

तीन महिन्यांचा बेत, पाच खुर्च्या, काढलेले सेल, सगळं एका वाक्यात उघडं पडलं होतं. दोघांपैकी कुणीच वाकलं नव्हतं. अंकलनी एक पाय चपलेत घातला. आता हा माणूस ट्रककडे जाणार, आणि पुढची भेट कुणाच्या तरी मयताला.

"म्हणजे तुम्ही बोलावलं नव्हतंत," रोवेना म्हणाली.

अंकल त्या चपलेकडे बघत राहिले. डेरिक खोकं पोटाशी धरून उभा होता. बिचारा सात वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत आला होता.

"तू बोलावलंयस, असं कळलं मला," अंकल शेवटी म्हणाले. "म्हणून आलो. दुसरं काही विचारलं नाही. कपडे केले आणि आलो."

"मीसुद्धा," रोवेना म्हणाली. "नानांगचा फोन ठेवला आणि तिकिटं काढली. ह्याला पण नंतर सांगितलं."

"अपो, मला आत्ता होईल," टिआना म्हणाली.

"शार्लीन!" सातुर अंकल ओरडले. आवाज कसला, कारखान्याचा भोंगाच. "किल्ली आण! दिसत नाही, पोरीला घाईची लागलीय? आणि त्या बाईला सांग, तिच्याशी मी नंतर बोलतो."

आंटींनी माझा दंड सोडला. मी पळत जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पालेभाजी काखेत मारली आणि कुलूप काढलं. टिआना बाणासारखी आत गेली. अंकलनी चपलेतला पाय बाहेर काढला, उंबऱ्याच्या आत जाऊन उभे राहिले आणि दार पूर्ण उघडून धरलं.

मी मागे वळून बघितलं. पुरिंग आंटी खिडकीच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. या बाईने सव्वीस वर्षं लोकांच्या सुट्ट्यांमागचा केर काढला, आणि स्वतःची पहिली सुट्टी अशी आखली. मला त्यांचे हात हातात घ्यावेसे वाटले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"डेरिक, तू पण ये," अंकल म्हणाले. मग त्यांनी लेकीकडे बघितलं, आणि काहुलुईतल्या कुठल्याही घरात पाय ठेवण्याआधी माणसाला जे विचारतात ते विचारलं.

"आत ये. जेवलीस का?"

विमानतळावरून येताना तिघंही वाटेत थांबून पोटभर जेवले होते. हे मला टिआनाने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"नाही, तातांग," रोवेना म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही."