दोन मिनिटांचा बर्फ

डॉक्टरीणबाईंनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरले, गाठ मारली आणि तो मोजा म्हाताऱ्याच्या डाव्या पापणीवर ठेवला.

"दोन मिनिटं, काका. हलायचं नाही."

म्हातारा हलला नाही. लोकांना हलू नका म्हणण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. चाळीस वर्षं त्यानं फोटो स्टुडिओ चालवला. शेजारी बसलेल्या लेकीला कॅमेऱ्यामागून डोकं काढून गाल फुगवणारा बाप आठवला. रडकं पोर असो की रुसलेली नवरी, तो आधी स्वतः हसायचा आणि समोरच्याचा नाइलाज व्हायचा. ते बघायला ती शाळा सुटली की दप्तरासकट स्टुडिओतल्या स्टुलावर जाऊन बसायची. किती सुखाचे दिवस होते ते.

तोच बाप तिच्या लग्नाच्या फोटोत मात्र आंबट तोंड करून, अर्धवट डोळ्यांनी उभा होता. लग्न तिनं स्वतः ठरवलेलं. त्यानं हो म्हटलं होतं, पण फोटो वेगळंच सांगत होता. तिनं मनाशी खूणगाठ बांधली आणि माहेरी जाणं कमी केलं. त्याला चार वर्षं झाली. त्याचा डोळा उघडेनासा झाला, तेव्हा कुठे तिला फोन आला.

मोजा उचलला. पापणी वर गेली होती.

डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये बारीकशी फट असते. तंतू त्या फटीत एक रसायन सोडतो, तोच त्याचा निरोप. पलीकडे स्नायू तो झेलतो. यांच्या झेलायच्या जागाच कमी झाल्यात. दिवस कलला की जास्तच जाणवतं. गारव्यात ते रसायन जरा जास्त टिकतं, म्हणून पापणी उठली. औषधही तेच काम करील.

"निरोप निघतो, पण पोचत नाही. आणि फक्त पापणी नाही, चेहराही. हे हसले तरी बघणाऱ्याला वाटतं, चिडलेत. कधीपासून होतंय?"

लेकीनं पर्सचा बंद घट्ट धरला.

"बाबा, माझ्या लग्नातला तो फोटो. संध्याकाळचा."

"तो होय?" म्हाताऱ्याच्या आवाजात धंद्यातला जुना ताठा आला. "त्या फोटोवाल्याला काही येत नव्हतं. तीनदा म्हणाला, काका, हसा जरा. मी हसतच होतो की. शेवटी म्हटलं, कशाला याच्या तोंडी लागा. बटणही दाबलंन ते भलत्याच वेळी."

पापणी पुन्हा हळूहळू खाली येऊ लागली होती. लेकीनं डोळे पुसले, पर्समधून मोबाइल काढला आणि कॅमेरा सुरू केला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अजून थोडा बर्फ मिळेल?"