माईंनी उलटा धरलेला फोन

‘मी बोलतोय’ हे वाक्य लोकांनी जन्मभर माझ्यात तोंड घालून म्हटलं. आज पहिल्यांदाच मी ते माझ्यासाठी म्हणतो आहे. मी बोलतोय. मी एक काळा, तबकडीचा, वजनदार टेलिफोन.

कारखान्यातून निघालो तो थेट एका दातांच्या डॉक्टरांकडे. तिथे मला येणारे सगळे फोन एका गालाने बोललेले असत. ‘डॉक्टर आहेत का’ हे वाक्य ‘डॉक्क आहेक का’ असं ऐकायची मला सवय झाली होती. पुढे मोबाइल आले. मला आधी कपाटावर ठेवलं, मग कपाटामागे, आणि एक दिवस भंगारवाल्याच्या टोपलीत.

तिथून मला उचललं नानांनी. नाना शूटिंगला सामान भाड्याने देतात. टेबलं, तसबिरी, कंदील, बंदुका, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी माझी वायर कापली, मला तेल लावून पुसलं आणि म्हणाले, “आता तू कलाकार.”

पहिलंच काम सिनेमात मिळालं. नायकाने रागाच्या भरात फोन भिंतीवर आपटायचा होता. आम्ही तीन फोन रांगेत बसलो होतो. पहिल्याला नायकाने हळू आपटलं, दुसऱ्याला मनापासून. शॉट ओके झाला. मी तिसरा. इतक्या आनंदाने बेकार राहिलेला कलाकार त्या धंद्यात दुसरा नसेल.

मग मालिका आली आणि माझा जम बसला. मालिकेतलं घर श्रीमंतांचं होतं. जिना वर जायचा, पण वर काहीच नव्हतं. फ्रिजमध्ये इलेक्ट्रिशियनच्या चपला असायच्या. घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल, तरी वाईट बातमी मात्र माझ्यातूनच यायची. अपघात, कोर्टाचा निकाल, हरवलेला जुळा भाऊ, सगळं माझ्याच डोक्यावर. माझ्या घंटेचा आवाज नंतर जोडत. शूटिंगच्या वेळी एक दाढीवाला सहायक कोपऱ्यात उभा राहून गंभीर चेहऱ्याने “ट्रिंग ट्रिंग” म्हणायचा.

फोन उचलायच्या माई. माई म्हणजे मालिकेतली आई. नाटकापासून काम करत आलेल्या, बारीक चणीच्या, स्वतःच्या चहाचा कप स्वतः विसळणाऱ्या. मी मेलेला फोन आहे असं त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. पलीकडचा माणूस बोलेल तेवढा वेळ त्या थांबत. मलाच कधीकधी वाटायचं, कोणीतरी बोलतंय बुवा.

एके दिवशी मुलाच्या अपघाताचा प्रसंग होता. सकाळपासून तोच शॉट, कधी दिवा जायचा, कधी बाहेर कुत्रं भुंकायचं. मालिकेतली आई चष्मा लावत नाही, म्हणून माईंचा चष्मा मेकअपच्या खोलीत. शेवटी सगळं जमलं. सहायक ट्रिंग ट्रिंग म्हणाला. माईंनी माझा रिसीव्हर उचलला, आणि उलटा धरला. ऐकायची बाजू तोंडाशी, बोलायची कानाशी, रिसीव्हरची वायर कपाळावरून लोंबतेय. आणि त्या अशा रडल्या की दिग्दर्शकाने पडद्यावर फक्त अश्रू पाहिले. ओके.

तो भाग टीव्हीवर दिसला आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तेवढाच तुकडा कापून, मागे पिपाणीचं संगीत लावून इंटरनेटवर सोडला. लाखो लोकांनी पाहिला.

“माई, तुम्ही व्हायरल झालात,” सुनेचं काम करणारी मुलगी म्हणाली. तिला सेटवर सगळे सूनबाईच म्हणत.

“काहीतरीच. ताप नाही की खोकला नाही.”

सूनबाईने मोबाइल पुढे केला. माईंनी चष्मा लावून तो तुकडा शेवटपर्यंत पाहिला. त्यांनाही हसू फुटलं. मग त्या माझ्या शेजारी सोफ्यावर बसल्या.

“तूच दाखवतेस असं नाही, माझ्या भाचीनेही पाठवलाय,” त्या म्हणाल्या. “हसण्यासारखंच आहे गं. पण त्या दिवशी रडताना मला माझी आई गेली तो दिवस आठवला होता. त्यावर ती पिपाणी वाजतेय.”

सूनबाईने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात दिग्दर्शक आले. वयाने माईंच्या मुलासारखे, पण माई त्यांना सरच म्हणत. “माई, चॅनेलवाले जाम खूश आहेत. उद्या मुलगा वाचल्याचा फोन येतोय. तेव्हा पुन्हा उलटाच धरायचा. लोक वाट बघतायत.”

“लोक हसायची वाट बघतायत, सर.”

“हसू देत ना. बघतायत हे काय कमी?”

माई बराच वेळ माझ्या तबकडीत बोट घालून बसल्या होत्या. मला वाटलं, या आता नाही म्हणणार. नाही म्हटलं तर पुढच्या भागात आईची तब्येत बिघडवायला लेखकाला दोन ओळी पुरतात, हे त्या घरात मलासुद्धा ठाऊक होतं.

“धरते उलटा,” माई म्हणाल्या. “फक्त मी थांबेपर्यंत कॅमेरा थांबवू नका.”

दुसऱ्या दिवशी ट्रिंग ट्रिंग झालं. माईंनी रिसीव्हर उलटा धरला. दिवेवाल्यांच्यात खसखस पिकली. माई म्हणाल्या, “हॅलो. हॅलो. काहीच ऐकू येत नाही गं.” हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. सूनबाई दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने माईंच्या हातातला रिसीव्हर हळूच सुलटा केला. हेही लिहिलेलं नव्हतं. माईंनी ऐकलं. पलीकडचा माणूस बोलेल तेवढा वेळ ऐकलं. मग मला मांडीवर घेतलं.

“त्या दिवशीही असाच उलटा धरला होता ना मी? लोक हसले असतील.”

“हसू देत, आई.”

“हसू देत. माझं पोर वाचलं.”

दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरले. दोघी तशाच हात धरून बसून राहिल्या. शेवटी माईच म्हणाल्या, “सर, झालं. आता चहा सांगा.”

तुम्हाला वाटेल, हाही तुकडा लाखोंनी पाहिला असेल. छे. कोणीतरी टाकला होता, तो माईंच्या नात्यागोत्यात फिरून गप बसला. पिपाणीवाला तुकडा अजून हिंडतोय. पण त्या भागानंतर भाचीचा माईंना फोन आला. व्हिडिओ नाही, हसऱ्या चेहऱ्याचं इमोजी नाही, फोन.

“मावशी, तो आधीचा मी दहा जणींना पाठवला होता.”

“मलाही पाठवलास की.”

 मग माई म्हणाल्या, “जेवलीस का?”

पुढे बघणारे घटले आणि मालिका एका आठवड्यात गुंडाळली. जिना मोडला, भिंती गेल्या. नाना मला खोक्यात घालत होते, तेव्हा माई म्हणाल्या, “नाना, हा माझ्याकडे राहू दे.” नानांनी खोकं बंद केलं आणि त्यांच्या हातात दिलं.

आता मी माईंच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे. त्यांचे यजमान बातम्या लावतात आणि समोरच झोपतात. आवाज कमी केला की डोळे न उघडता म्हणतात, “बघतोय मी.” माई मालिका बघत नाहीत. त्या मोबाइलवर कोण्या अनोळखी माणसाने मळके गालिचे धुतलेले व्हिडिओ बघतात, अगदी जीव लावून. गालिचा स्वच्छ झाला की म्हणतात, “निघाला बाई एकदाचा,” आणि पुढचा लावतात.

माझं मागणं थोडं आहे. हसायचे व्हिडिओ खुशाल पाठवा, पण ज्याच्यावर हसलात त्याला अधूनमधून फोनही करा. माझ्यावरून नको, माझी वायर कापलेली आहे.

माईंना सध्या काम नाही. काल दुपारी मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. त्या उठल्या, पदर सारखा केला, केस मागे घेतले, आणि मगच उचलला. “हॅलो,” त्या म्हणाल्या, “मी बोलतेय.” यजमानांनी डोळे उघडून टीव्ही बंद केला. पलीकडचा माणूस बोलत होता. माई ऐकत होत्या.