मी वेळेची पट्टी, चुगलखोर नव्हे!

मित्रांनो, मी वेळ दाखवणारी एक जुनी पट्टी आहे. इर्बिद शहरातल्या एका कचेरीत रिहाब संगणकावर ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहिते, त्याच्या अगदी तळाशी मी राहते.

मला घडवले रिहाबनेच. कामात बुडाली की तिला जेवणाचेही भान राहत नसे. मनगट सुजून येई. म्हणून एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने एडिटरच्या मांडणीत चार ओळी घातल्या आणि मी जन्मले. कोणत्या कामाला किती वेळ गेला, एवढेच मी दाखवी. सलग तास भरला की लाल होई. मग ती उठून मरमियाची सुवासिक पाने घातलेला चहा करी आणि म्हणे, "शहाणी गं माझी पट्टी!"

पुढे कचेरीचे प्रमुख मुअतजसाहेब यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी फर्मान काढले: ही पट्टी सगळ्यांच्या पडद्यावर हवी आणि रोजचे आकडे त्यांच्याकडे यायला हवेत. अहो, मला तर कळफलकावर बोटे हलली तरच वेळ कळतो!

झुहैर कचेरीतले सर्वांत वडीलधारे. सगळे त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणत. एका रुग्णालयाला द्यायच्या प्रोग्राममध्ये लहान मुलांच्या औषधाची मात्रा दुप्पट येत होती. दिवसभर कागद-पेन्सिल घेऊन अम्मोंनी ती चूक शोधली आणि शेवटी एकच ओळ बदलली. संध्याकाळी साहेबांनी सर्वांदेखत वाचले, "झुहैर, एकोणीस मिनिटं! बाकी वेळ काय झोपा काढल्यात?"

अम्मोंचे कान लाल झाले. मी संतापाने जळत होते. माझा आकडा पुढे करून एका भल्या माणसाला कामचुकार ठरवले होते!

रिहाब ताडकन उठली. "साहेब, त्या एका ओळीनं लेकरं वाचतील. पट्टी मी माझ्यासाठी केलीय, अम्मोंच्या चुगल्या करायला नाही."

"पट्टीचा एवढा पुळका?"

"पट्टीचा नाही, अम्मोंचा!"

तिने सर्वांसमोर आकडे पाठवणारा भाग पुसून टाकला. साहेबांनी तिला दार दाखवले. तेवढ्यात बाकीचे सहाही जण आपापल्या पडद्यावरची पट्टी काढू लागले.

"बस पोरी," अम्मो म्हणाले, "कुठं जाऊ नकोस."

साहेब पाय आपटत आत गेले. रिहाबची नोकरी टिकली, आकडे मागणे थांबले. पण अम्मोंची माफी साहेबांनी आजवर मागितलेली नाही, आणि माझा राग अजून शमलेला नाही.

मित्रांनो, मला खुशाल वापरा. मिनिटे मी नीट मोजीन. माणसे मात्र मला मोजायला लावू नका.