साध्या नळीतलं रक्त

ज्या शहरात नळाला पाणी आलं की गल्लीत धावपळ उडते, त्या शहरात बसून नवाबभाईंची आमरीन समुद्रातल्या शिंपल्यांवर पीएचडी करत होती. याचं नवल नवाबभाई सोडून सगळ्यांना वाटायचं. पुंडलिकनगरात त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. कूलरच्या जाळीत नवं गवत भरता भरता ते कोणी न विचारता सांगून टाकायचे, की शिंपल्याच्या मांसात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्यांना जागोजागी सल्फेट चिकटलेलं असतं आणि त्यानं रक्त पातळ राहतं. सल्फेट काढलं की साखळी बेकार. गिऱ्हाईक सगळं ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, "पंप किती दिवस टिकंल?"

रत्नागिरीहून ट्रॅव्हल्सनं बर्फातला खोका यायचा, तो आणायला नवाबभाईच स्कूटर काढायचे. बायको राहतबीची अट एकच, खोका तिच्या फ्रिजजवळ दिसता कामा नये. आपल्यात मासा चालतो, शिंपले चालत नाहीत. "खायचेत कोणाला?" म्हणत नवाबभाई खोका थेट विद्यापीठात पोचवून यायचे.

एक गोष्ट मात्र या बोलक्या माणसानं घरात सांगितली नव्हती. थंडीत छातीत धडधड झाली म्हणून ते गुपचूप एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. ठोके चुकताहेत, आत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज घ्या, असं डॉक्टर म्हणाले. आणि शिडीवर चढणं बंद, पडलात तर रक्त लवकर थांबायचं नाही. नवाबभाईंनी गोळ्या एका जुन्या पंपाच्या डब्यात लपवल्या, त्यातली रोज एक घ्यायला लागले आणि शिडी खांद्यावर टाकून कामाला गेले. कूलर खिडकीला लागतो आणि खिडकी वरच्या मजल्यावर असते, याला ते काय करणार? शिवाय घरात कळलं तर आमरीन प्रबंध गुंडाळून बिडकीनकडच्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरील, याची त्यांना खात्री होती. पोरगी हट्टी होती, बापावर गेलेली.

एप्रिलमध्ये आमरीनची शेवटची चाचणी आली आणि रक्त देणारी मैत्रीण ऐनवेळी गावाला निघून गेली. जेवताना आमरीन म्हणाली, "अब्बा, तुमी द्याल का रक्त? थोडंच लागतंय. गोळ्याबिळ्या चालू नाहीत ना काही?"

इथं शहाण्या माणसानं तोंड उघडलं असतं. नवाबभाईंनी ते भाकरीनं भरलं. "मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन ते ऐटीत रक्त देऊन आले. सुई काढल्यावर कापूस पुन्हा पुन्हा बदलावा लागला, तेव्हा "गरमी लई आहे" म्हणून मोकळे झाले. भर उन्हाळ्यात ते लांब बाह्यांचा सदरा घालू लागले. शेजारचे हार्डवेअरवाले सर्जेराव म्हणाले, "नवाबभाई, कुठं लग्न हाय का?"

आमरीननं त्या रक्ताच्या तीन नळ्या लावल्या होत्या. एकीत शिंपल्याची साखळी, दुसरीत सल्फेट काढलेली साखळी, तिसरी साधी, काहीच न घातलेली. पहिलीतलं रक्त पातळ राहायचं आणि बाकी दोन्हींतलं वेळेवर गोठायचं, एवढं झालं की तिचं म्हणणं सिद्ध होत होतं. पण वेळेवर गोठायला एकही नळी तयार नव्हती. तिनं भांडी धुतली, पुन्हा लावलं. साधी नळीसुद्धा पातळच.

"गाईड मेघा मॅडम म्हणतात, माझ्या भांड्यांतच साखळी मिसळलीय," घरी आल्यावर ती म्हणाली. चप्पलही काढली नव्हती. "म्हणजे मागचे सगळे आकडे संशयात. सोमवारी कमिटीपुढं काय दाखवू? मी पीएचडीतून नाव काढून घेतेय, अब्बा."

नवाबभाईंनी एक वाट काढून पाहिली. "भांड्यांचं राहू दे. रक्तच खराब असंल तर?"

"तुमचं? तुमाला साखर नाय, बीपी नाय. रोज शिडी चढताय." ती कसनुसं हसली. "चूक माझीच आहे."

एवढं ऐकून घेणं मात्र नवाबभाईंना जमलं नाही. त्यांनी उजवी बाही कोपराच्या वर सारली. सुई टोचली होती तिथून मनगटापर्यंत काळानिळा डाग पसरला होता.

आमरीनला सांगावं काहीच लागलं नाही. इतकी वर्षं ती दुसरं शिकत काय होती?

"कधीपासून?"

"थंडीपासून."

ती रडायला लागली. तिला बापाचा संताप आला होता, आणि तो शिडीवरून पडला असता तर, ही भीतीही होती. "मग रक्त दिलंच कशाला?" ती ओरडली.

"तू मागितलंस."

सोमवारच्या आत सर्जेरावांचं रक्त घेतलं गेलं. साधी नळी वेळेवर गोठली, सल्फेट काढलेलीही गोठली, साखळीवाली पातळ राहिली. सर्जेराव गल्लीभर सांगत फिरले, "आपलं रक्त एक नंबर हाय." नवाबभाईंना हे फार लागलं. शिडी आता सर्जेरावांच्या शटरला साखळीनं बांधलेली असते आणि किल्ली राहतबीकडे. वर चढायला एक कारागीर ठेवलाय. नवाबभाई खाली उभे राहून त्याला सूचना करतात आणि सल्फेटचं सांगतात.

रात्रीच्या जेवणानंतर आमरीन गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते आणि समोर बसून राहते. पहिल्या रात्री त्यांनी कुरकुर केली, "तुझं शिंपल्याचं औषध आल्यावर तेच घेईन की."

"त्याला अजून लई वर्षं लागतील, अब्बा," ती म्हणाली. "तोवर तुमी पाहिजेत."

नवाबभाईंनी पाण्याबरोबर गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.