लोखंडी घोड्याचे गोत्र

मित्रांनो, माझ्या हँडलला अजून कांद्याचा वास येतो. मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कॉफ गावची एक जुनी सायकल आहे. माझा मालक गुल्वेन दर उन्हाळ्यात मला बोटीत घालून समुद्रापलीकडे वेल्सला न्यायचा आणि माझ्यावर गुलाबी कांद्याच्या माळा लटकवून दारोदार विकायचा.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. घरी गुल्वेनच्या ब्रेटन भाषेला फ्रेंच बोलणारे हसत. शाळेत तिच्यापायी त्याने मारही खाल्ला होता, म्हणून लेकीला, सोआझिगला, त्याने ती शिकवलीच नाही. परमुलखात, वेल्समध्ये मात्र शिक्षिका तेग्वेनबाई दारातूनच म्हणायच्या, "आलास का रे कांदेवाल्या? बोल काहीतरी, कानाला घरचं वाटतं!" मग अर्धे त्याचे, अर्धे त्यांचे शब्द घेऊन दोघे तासभर गप्पा हाणत.

"अरे, वेल्श नि ब्रेटन सख्ख्या बहिणी. आयरिश चुलत. घराणं एकच, केल्टिक!" बाई सांगायच्या.

आम्ही एकदा आयर्लंडलाही गेलो. चुलत बहिणीचे 'त्री', म्हणजे तीन, तेवढे कळले. बाकी अवाक्षर नाही!

"आणि फ्रेंच?" गुल्वेनने नंतर बाईंना विचारले.

"तीही लांबची भाऊबंदच. अरे, हिंदुस्तानातली संस्कृतसुद्धा!"

मग नातलगच नातलगाला का हसतात? मला काही उमगेना.

पुढे गुल्वेन थकला आणि मी कोठीत गंजत पडले. गेल्या वर्षी त्याला मेंदूचा झटका आला. त्याची फ्रेंच पुसली गेली, उरली फक्त ब्रेटन. दिवसभर तो एकच शब्द म्हणायचा. सोआझिग रडकुंडीला यायची. "बाबा, काय हवंय? पाणी? उशी?" तो भिंतीकडे तोंड करायचा. त्यातच तिने मला भंगारात काढले.

भंगारवाला आला त्या दिवशी म्हाताऱ्या तेग्वेनबाई वेल्सहून गुल्वेनला भेटायला आल्या होत्या. भंगारवाला मला ओढत नेऊ लागला, तसा आतून गुल्वेनचा तोच शब्द ऐकू आला, "मार्ख-हुआर्न!"

बाई ताडकन उठल्या. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ओरडल्या, "थांबव त्याला! अगं, लोखंडी घोडा मागतोय तुझा बाप. ही सायकल!"

सोआझिगने धावत जाऊन मला भंगारवाल्याच्या हातून सोडवले. "समुद्रापलीकडच्या बाईला कळलं. मी बाबांच्या पोटची पोर, आणि मला नाही!"

तिने मला गुल्वेनच्या खाटेपाशी आणले आणि तो शब्द उच्चारला. चुकला. गुल्वेन हसला. तिने तीनदा पुन्हा म्हटला.

मित्रांनो, सख्खे कोण नि परके कोण, हे मला अजून कळलेले नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांचे शब्द आजच विचारा, एवढेच मागणे. माझे नाव आता या घरात दोघांना येते.