चेटकिणींच्या वाटेवरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. बाकाने आपली हकिगत सांगावी का, याविषयी मला अजून खात्री वाटत नाही. पण तितानो डोंगरावर पहिल्या बुरुजाकडून दुसऱ्या बुरुजाकडे जाताना जी खिंड लागते, जिला आमच्या चिमुकल्या सान मरिनो देशाचे लोक चेटकिणींची वाट म्हणतात, तिथे मी चाळीस वर्षे उभा आहे.

माझी फळी चेस्टनटची. एका सुताराने ती रंधा मारून दोन दगडांवर बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यावर सेत्तिमिया येऊन बसली. पर्यटकांना बुरूज दाखवणे हे तिचे काम. आमच्या देशाचा संस्थापक, पाथरवट मरिनो, याची गोष्ट ती माझ्यावर बसून सांगे. अस्वलाने त्याचे गाढव खाल्ले, तेव्हा त्याने अस्वलालाच ओझी वाहायला लावले, ही ती गोष्ट. लोक हसत, टाळ्या वाजवत. पुढे वर्षे गेली तशी गोष्ट लांबत गेली. अस्वल जास्त वेळ गुरगुरू लागले. कारण फक्त मला ठाऊक होते. सेत्तिमियाचे गुडघे दुखायचे थांबेपर्यंत अस्वलाला थांबता येत नव्हते.

गेल्या सप्टेंबरात वाटांची देखभाल पाहणारा लोरिस आला. त्याने मला टेपने मोजले आणि माझ्या फळीवर खडूने फुली मारली. माझ्यामुळे वाट अडते, म्हणून हंगाम संपला की मला काढणार होते.

आमच्याकडे एक बरी रीत आहे. देशाचे दोन प्रमुख दर सहा महिन्यांनी बदलतात आणि त्यांच्या शपथेनंतरच्या पहिल्या रविवारी कोणीही आपला अर्ज त्यांच्या हाती देऊ शकतो. सेत्तिमियाने अर्ज लिहिला. शुक्रवारी ती माझ्यावर बसून तो वाचत होती, तेव्हा नवा प्रमुख एत्सिओ लोरिसबरोबर वर आला. एरवी तो आमचा पाववाला.

"एत्सिओ, उभा का? बस."

"मावशी, सहा महिने तरी अहो म्हणा."

"एप्रिलात पुन्हा पाव विकायला बसशील, तेव्हा पुन्हा अरे म्हणणं मला जड जाईल रे."

लोरिसने अर्जात डोकावून पाहिले. "'ऐतिहासिक बाक' लिहिलंय. कोण बसलं होतं यावर?"

सेत्तिमियाने त्या शब्दावर बोट ठेवले. एखाद्या सेनापतीचे नाव घेतले असते, तर कोण तपासणार होते? अस्वलाला तिने हवे तितके गुरगुरू दिले होते. पण इतिहासातली एकही तारीख तिने कधी खोटी सांगितली नव्हती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी बसते. गुडघे दुखतात माझे. बाक गेला तर दुसरा बुरूज माझ्याच्यानं होणार नाही. घरीच बसावं लागेल."

"मग तसंच लिहायचं ना, मावशी."

"इतकी वर्षं लोकांना वर चढवतेय, लोरिस. माझ्या गुडघ्यांचं कसं लिहू?"

एत्सिओ धपकन माझ्यावर बसला. "शपथेच्या दिवसापासून प्रमुखाच्या पोशाखातल्या त्या काळ्या मोज्यांनी पोटऱ्या आवळल्यात. खालपासून धाप लागलीय मला. देशाचा प्रमुख म्हणून बोललो नाही."

लोरिस माझ्याजवळ आला. मग हळूच म्हणाला, "जरा सरका."

त्या दिवशी माझी फळी कुरकुरली, पण आनंदाने. सेत्तिमियाने 'ऐतिहासिक' शब्द खोडला आणि रविवारी रांगेत उभी राहून अर्ज दिला. हिवाळ्यात देशाच्या सभेने तो मंजूर केला. 'गुडघे' हा शब्द तिथे मोठ्याने वाचला गेला, असे ऐकतो. वाट मोकळी व्हावी म्हणून लोरिसने मला दोन हात मागे, कड्याला टेकून बसवले आणि खडूची फुली स्वतःच्या रुमालाने पुसली.

आता खिंडीत आल्यावर सेत्तिमिया सरळ सांगते, "माझे गुडघे दुखतात, मी बसते." पहिल्यांदा तिने असे म्हटले, तेव्हा तिच्या मागचे चौदापैकी नऊ जण हुश्श करून खाली बसले. काही माझ्यावर, काही दगडांवर. बिचारे कधीपासून दमून चालत होते, पण आधी बोलायचे कोणी?

मित्रांनो, माझी मागणी लहानशी आहे. माझ्या फळीवर नावे कोरू नका, मला खाज सुटते. आणि तुम्ही कोणताही गड चढत असाल, तर मध्येच एकदा थांबून मागे पाहा. कोणी मागे राहिले असेल, तर त्याला काही विचारू नका. "मी दमलो" असे आधी तुम्हीच म्हणा.